लॅकरचा चातुर्मास

आषाढी एकादशीला सकाळी पारख्यांच्या घरातल्या लॅकरच्या बाटलीने चातुर्मासाचा नेम धरला आणि कार्तिकीपर्यंत चमक सोडली.

वामनराव पारख्यांना हे कळायला नऊ दिवस लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते मोटारींच्या प्रतिकृती करत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, दारं उघडणाऱ्या. नवव्या दिवशी त्यांनी एका काळ्या फियाटवर लॅकरचा, म्हणजे चकाकीचा, शेवटचा हात फवारला, ती झाकून ठेवली, आणि दुपारी झाकण काढलं तर गाडी शाळेतल्या पाटीसारखी दिसत होती.

त्यांनी आधी हवेला दोष दिला. पावसाळी दमटपणात लॅकर कधीकधी पांढुरकं पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी केस वाळवायच्या यंत्राने गाडीला ऊब दिली, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, मग मऊ फडक्याने पॉलिश चोळलं. गाडी आणखी निवांत झाली, इतकंच.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई डोळ्यांवर चष्मा चढवून कपाटापाशी गेल्या. कपाटात बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांनी लॅकरच्या बाटलीकडे जरा वेळ पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. चाळीस वर्षं त्या स्वतः नेम करत होत्या. एखाद्याने मनापासून काही सोडलं की त्याच्या तोंडावर एक शांतपणा येतो, तो त्या परक्या घरातही ओळखत.

"अहो, हिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हिने चमक सोडलीय."

वामनरावांनी कपाटाकडे पाहिलं, मग देवघराकडे. रंगांचं कपाट देवघराला लागून होतं, कारण घरातली तेवढीच भिंत कोरडी राहायची. आणि चातुर्मास लागला की सुमतीबाई रोज सकाळी देवघरात बसून मोठ्याने कहाणी वाचत. बाटलीने ती ऐकली होती. वामनराव एवढंच म्हणाले, की मनातल्या मनात वाचायला देवाची काही हरकत नव्हती.

सुमतीबाईंना ते लागलं, कारण गाडी कोणाची हे त्यांनाही माहीत होतं. ती नलूवन्संची होती. वन्सं म्हणजे वामनरावांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, डॉक्टर झाल्या, आणि तीस वर्षं काळ्या फियाटमधून खेडोपाडी जाऊन बाळंतपणं केली. गाडीतला आरसा दुसऱ्याच वर्षी एका खड्ड्यात गळून पडला, तो त्यांनी परत बसवलाच नाही. पेशंटच्या दारात गाडी थांबली की त्या उतरून बॉनेटवर वाकत आणि त्याच्या चकाकीत बघून कुंकू सरळ करत. त्यांचं म्हणणं असं, की अडलेली बाई आधी डॉक्टरचं कपाळ बघते. ते नीटनेटकं दिसलं की तिला धीर येतो.

आता वन्संना ऐंशी पुरी होत होती. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. त्यांची नजर गेली होती, पण पुरती नव्हे. चकाकतं तेवढं दिसायचं: नळाची तोटी, चमचा, सुमतीबाईंच्या नथीतला खडा. बाकीचं जग त्यांनी विश्वासावर सोडलं होतं. आणि चैत्रात त्या भावाला म्हणाल्या होत्या, "वामन, माझी गाडी एकदा दिसली असती ना रे, तर बरं झालं असतं."

वामनरावांनी शब्द दिला. त्यासाठी त्यांनी सात प्रकारचे काळे रंग आणून पत्र्याच्या तुकड्यांवर लावून पाहिले. एक निळसर निघाला, एक तपकिरी, एक काजळीसारखा. सातवा धुतलेल्या करवंदाचा होता, तो त्यांनी घेतला. आणि आता ते करवंद पाटी होऊन बसलं होतं.

वामनराव दुसऱ्याच दिवशी सांगलीला चौगुल्यांच्या दुकानात गेले, सुमतीबाईही बरोबर गेल्या. दुकान खेळण्यांचं, मागच्या खोलीत मॉडेलचे रंग, पातळ करायची द्रव्यं, हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेनाएवढ्या पिचकाऱ्या. चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाटलीचा तळ उलटा करून तारीख पाहिली.

"मुदतीत हाय," ते म्हणाले. "पन नेमाची बाटली कंपनी परत घेत न्हाई, वहिनी. आमच्यात पर्युषणात रंगाखालचा प्रायमर मौन धरतो. आठ दिवस कुठल्या रंगाला धरून ठेवत न्हाई. आमी काय करतो? आठ दिवस थांबतो."

आपल्याकडचा नेम चार महिन्यांचा आहे आणि कार्यक्रम दोन आठवड्यांवर, हे वामनरावांनी सांगितलं. चौगुल्यांनी नवी बाटली दिली, पण निघताना बजावलं, की ही त्या कपाटात ठेवू नका. घरी आल्यावर वामनराव सवयीने तिथेच ठेवून बसले. गाडीवरचा जुना थर घासून काढण्यात तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी तिनेही नेम धरला.

"दोघी झाल्या," ते म्हणाले आणि पंचांग बघायला बसले, कार्यक्रम पुढे ढकलता येईल का ते. ऐंशीव्या वर्षी काय काय पुढे ढकलायचं, हे त्यांनाच कळेना, म्हणून त्यांनी पंचांग मिटलं. सुमतीबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला खात्याच्या चौकशीतही असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या कपाटासमोर पाट मांडून बसल्या. काल-परवापर्यंत त्या पहिल्या बाटलीला अगं-तुगं म्हणत. आता नेमात असलेल्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी बोलायचं ठरवलं.

"नेम मोडा असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मलाच पाप लागेल. पण नेम दुसऱ्याने चालवला तर?"

"तशी सोय आहे का?" बाटलीने विचारलं.

"आहे की. मला विषमज्वर झाला तेव्हा माझे सहा सोमवार सासूबाईंनी केले. फळ मला मिळालं."

बाटलीने दाखला मान्य केला. पण तिने एक अडचण काढली, आणि ती रास्त होती. जे सोडलंय तेच दुसऱ्याने सोडायला हवं. साबुदाण्याच्या बदल्यात वांगं चालत नाही. सुमतीबाईंकडे सोडण्याजोगी चमक कुठली आहे?

सुमतीबाई आधी नथीबद्दल बोलल्या. बाटली म्हणाली, ती सणापुरती घालता, तिचं काय सोडणं. केसांचं तेल? ते वासासाठी. आणि सुमतीबाईंची नजर देवघरात गेली.

दोन समया, घंटा, ताम्हन, निरांजनं, आणि ओवाळायचं मोठं पितळी तबक. दर शुक्रवारी दोन तास त्या चिंच आणि राखेने हे घासत. गल्लीत असं पितळ कोणाचं नव्हतं. नवरात्रात हळदीकुंकवाला बायका आल्या की आधी समईकडे बघत, मग देवीकडे. सुमतीबाईंना हे कित्येक वर्षं माहीत होतं आणि त्यांनी ते कधी मनातसुद्धा वाचलं नव्हतं.

"हे आवडतं तुम्हाला," बाटली म्हणाली.

"फार," सुमतीबाई म्हणाल्या. "पण देवाची भांडी काळी ठेवायची, तीही श्रावणात?"

"देवाने काही म्हटलंय का?"

सुमतीबाईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं. तो नेहमीसारखा रांगत होता. मग त्यांनी उजव्या तळहातावर पाणी घेतलं, तिथी-वार उच्चारला, लॅकरचा नेम कार्तिकीपर्यंत आपण चालवू असा संकल्प केला आणि पाणी ताम्हनात सोडलं. ताम्हन त्याच क्षणी मंद व्हायला लागलं. चमक वरून खाली अशी हळूहळू गेली, जशी संध्याकाळ भिंतीवरून उतरते. मग घंटा, मग समया, शेवटी तबक.

सुमतीबाईंनी नुसतं "आता फवारा" म्हटलं आणि वामनरावांनी त्या सकाळी तीन पातळ हात दिले, दोन हातांमध्ये अर्धा तास सोडून. दुपारी झाकण काढलं तेव्हा त्यांना बॉनेटमध्ये छताचा पंखा दिसला, त्याची तिन्ही पाती मोजता आली. ते बायकोला बोलवायला वळले आणि त्यांना देवघर दिसलं. ते आत आले, पाटावर बसले, एक समई हातात घेऊन त्यांनी उपरण्याने पुसून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

"तू मोठ्यानेच वाचत जा," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी वन्संना पाटावर बसवलं. ऐंशी दिवे तबकात मांडून सुमतीबाई समोर आल्या. माहेरची-सासरची सगळी मंडळी तबकाकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. एका जावेने दुसरीला कोपर लावल्याचं सुमतीबाईंनी पाहिलं. त्यांनी पदर सावरला आणि ओवाळायला सुरुवात केली.

वन्सं एकदम पुढे वाकल्या.

"सुमती, तबक कुठे गेलं गं तुझं? नुसत्या ज्योती फिरतायत हवेत."

"तबक नेमावर आहे, वन्सं."

"असं होय." वन्संनी मान हलवली. "किती छान दिसतंय. एरवी तुझ्या तबकाच्या झळाळीत दिवे सापडायचेच नाहीत मला."

सुमतीबाईंचा हात थांबला, आणि मग त्यांनी ऐंशीच्या ऐंशी ज्योती पुन्हा एकदा, अगदी सावकाश, वन्संच्या तोंडाभोवती फिरवल्या. तेवढा वेळ वन्सं लहान मुलीसारख्या ज्योतींमागे डोळे फिरवत होत्या.

ओवाळून झाल्यावर वामनरावांनी फियाट पुढ्यात ठेवली. वन्संनी हात लावला नाही. त्यांनी आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून. काड्यापेटीएवढ्या बॉनेटवर त्या इतक्या वाकल्या, की त्यांच्या श्वासाने काचेवर धुकं आलं आणि गेलं. मग अनामिकेने त्यांनी कुंकू जरासं उजवीकडे सरकवलं.

"कितवा महिना आहे?" त्यांनी विचारलं.

"श्रावण, अक्का," वामनराव म्हणाले.

"महिना नव्हे रे," वन्सं उठत म्हणाल्या. "बाईला कितवा लागलाय?"

कोणी काही बोलायच्या आत मागून वामनरावांच्या धाकट्या बहिणीची मुलगी पुढे आली. तिने घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. "तिसरा," ती म्हणाली आणि वन्संच्या कपाळाकडे बघत त्यांच्यासमोर बसली.