तियुंबाचा अंगठा

मी मावशीला ठणकावून सांगितलं, "आठवडाभरात तियुंबाचं अंगठा चोखणं सोडवलं नाही तर नाव बदलेन!"

"तू शाळा सोडलीस तेवढं पुरे," मावशी कढईतले चवळीचे वडे उलटत म्हणाली.

पण मी पेटलो होतो! दातांची नर्स गल्लीत येऊन गेली होती. म्हणाली, पक्के दात येताना अंगठा तोंडात राहिला तर वरचे दात पुढे पळतात, टाळू अरुंद होते, चेहराच बदलतो. "उदाहरणार्थ..." म्हणत बाईंनी बोट दाखवलं थेट माझ्याकडे! अख्खं तमाले शहर हसलं!

खरंय म्हणा. माझे वरचे-खालचे दात भांडलेल्या जावांसारखे, समोरासमोर येतच नाहीत. वडा मी दाढेने तोडतो, कुत्र्यासारखा. वर्गात मला ससा म्हणणाऱ्याचं नाक फोडलं, तिथेच शिक्षण संपलं. माझ्या धाकट्या बहिणीचं, तियुंबाचं, असं होऊ द्यायचं नव्हतं.

पहिला उपाय, अंगठ्याला मिरची! पण पोरगी मावशीच्या वड्यांवर वाढलेली. चाटून साफ केला आणि गिऱ्हाइकांसमोर अंगठा पुढे केला, "दादा, अजून लाव! आणि एक वडा दे!"

मग मी नीट पाहिलं. अंगठा तोंडात गेला की दुसऱ्या हातातलं आईचं कापड नाकाला लागायचं. आई दूर राजधानीत, अक्राच्या बाजारात ओझी वाहते, दोन वर्षं झाली. सापडलं मूळ! साबणाची वडी संपेपर्यंत कापड घासलं.

तियुंबाने हुंगलं. परत हुंगलं. खाली ठेवलं. अंगठा तोंडाकडे गेलाच नाही! मी नाचलो!

"दादा, आईचा वास कसा होता?"

"कसा म्हणजे? जरा धुराचा, जरा..."

पुढचं मलाच आठवेना! उगाच मावशीवर खेकसलो. मग आईला फोन लावला.

"तुझं एखादं कापड पाठव. धुवू नकोस!"

"डोकं फिरलं का रे? लोकांची पोरं बूट मागतात!" मग हळूच म्हणाली, "घामट आहे रे, बाळा."

"तेच पाठव!"

बसमधून पुडकं आलं. तियुंबाला द्यायच्या आधी तपासायला नको? तपासता तपासता तिथेच पोत्यावर आडवा झालो. मावशी आली तेव्हा माझं नाक कापडात होतं आणि तियुंबा दोन्ही हातांनी माझं मनगट ओढत होती, "दादा, काढ तो अंगठा! दात बघ स्वतःचे!"

"माझे काय बिघडायचे राहिलेत?" मी म्हणालो. पण तोंडात अंगठा असताना ते कुणाला कळणार!