कोटीत एक परका

आमच्या कारखान्यात वाळूपासून, उन्हातून वीज करणाऱ्या सौरपत्र्यांसाठी, सिलिकॉन तयार होते. कोटी अणूंमध्ये एखादा परका सापडला तरी चौकशी बसते. ही शिस्त हळूहळू उपाहारगृहापर्यंत आणि तिथून भाषणांपर्यंत पोचली. आवारात बोलायचे प्रत्येक वाक्य आता आधी शुद्धता विभागातून गाळून घ्यावे लागते. ही सूचना कोणाची, असे विचाराल तर माझीच.

त्यामुळे नातीच्या वर्गाची सहल कारखान्यात येणार म्हटल्यावर भाषण घेऊन मीच सर्वांआधी विभागात हजर झालो. नातीने वर्गात सांगून ठेवले होते, "माझे आजोबा वाळूतून वीज काढतात." अर्धा वर्ग हसला होता.

"आजोबा, नीट समजावून सांगा हं," तिने बजावले, "नाहीतर माझं काही खरं नाही."

मी साधेच लिहिले होते. वाळूतल्या सिलिकॉनचा वायू करायचा, म्हणजे घाण मागे राहते. तो वायू बंद भट्टीतल्या लालभडक, बारीक कांड्यांवर सोडायचा. खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ धरते, तसे सिलिकॉन कांडीवर थराथराने धरते. बारीक कांडी मनगटापेक्षा जाड होते.

"वायू म्हटलं की पालक घाबरतात," शुद्धता अधिकारी म्हणाले. वायू काढला.

"लालभडक कांड्या? मुलं हात लावतील."

"भट्टी बंद असते, साहेब."

"मग बंद का, असं विचारतील."

मला पटले.

"आणि घाण? आपल्याकडे घाण असते?"

हेही पटले. वाळू तर रस्त्यावर पडलेली असते, म्हणून कारखान्याच्या इभ्रतीसाठी तीही गेली. शेवटी 'बालमित्रांनो' आणि 'धन्यवाद' एवढेच उरले. त्यावर 'अतिशुद्ध' असा शिक्का बसला, तेव्हा मला भरून आले.

मग त्या दोन शब्दांवर थर चढू लागले. संचालकांचे स्वागत, उपसंचालकांचे मार्गदर्शन, शुद्धता विभागाचे विशेष आभार. बघता बघता भाषण मनगटाएवढे झाले.

सहलीच्या दिवशी मी ते मुलांसमोर खड्या आवाजात वाचले. नातीने हात वर केला.

"आजोबा, शुद्धता विभागाने वाळू एवढी स्वच्छ केली की लगेच वीज येते?"

सगळी गंमत इथेच आहे. येत नाही. इतक्या खटाटोपाने शुद्ध केलेल्या सिलिकॉनमध्ये पुढे किंचित परके अणू मुद्दाम मिसळावे लागतात, तेव्हा कुठे ते कामाला येते. मी तोंड उघडले. समोर शुद्धता अधिकारी बसले होते. 'परके' हा शब्द मंजूर नव्हता.

"छान प्रश्न," मी म्हणालो. शाळेच्या बाईंनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी आल्यावर मीच विषय काढला. "उत्तर सांगू का गं?"

"राहू दे आजोबा," चित्र रंगवता रंगवता ती म्हणाली, "टाळ्या झाल्या ना."

त्यानंतर तिने मला काही विचारलेले नाही. घरात कोटीत एकही परका प्रश्न नाही. तुमच्याकडची मुलेही हल्ली अशी शहाण्यासारखी गप्प असतील, तर अभिनंदन. शिक्का घेऊन मी स्वतः येतो.