पूर्वनियोजित नळ

बाळाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये करायचा हे संध्याकाळपर्यंत ठरले नाही, तर आपण आपल्या मनाने काय ते करू, असे सूनबाईंनी दोन्ही आजोबांना बजावले होते. घड्याळजींना नातू आपल्याच चर्चमध्ये न्यायचा होता. व्याह्यांच्या चर्चमध्ये मनुष्याचे तारण त्याच्या मर्जीवर सोडलेले असे, आणि इतक्या ढिल्या कारभाराच्या स्वाधीन ते स्वतःचे घड्याळही करणार नव्हते. हा तर नातू होता.

"बाळाचा टब भरत लावलाय," सूनबाई म्हणाल्या. "मी गच्चीवरचे कपडे आणते. भरला की नळ बंद करा कुणीतरी."

"देवानं जगाला चावी एकदाच दिली," घड्याळजींनी तुटलेला धागा उचलला. "काटे आपल्या मनानं फिरत नसतात, व्याही."

व्याही मोटार चालवायला शिकवत. "मग गाडीला ब्रेक कशाला? भिंतीवर आदळायचं आधीच ठरलंय म्हणणारा शिकाऊ मला एकदा भेटू दे, तिथंच उतरवतो."

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज बदलला. व्याही उठू लागले.

"उठा, उठा," घड्याळजी प्रसन्नपणे म्हणाले. "तुम्ही उठणार हे जगाच्या आरंभापूर्वीच ठरलेलं आहे."

व्याही परत बसले. "आता तर मुळीच नाही उठत. माझी इच्छा. तुम्ही उठा."

"माझं उठणं ठरलेलं असतं, तर मी एव्हाना उठलो नसतो का?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. पाणी उंबरा ओलांडून बैठकीत आले. व्याह्यांनी स्वेच्छेने पाय वर घेतले. घड्याळजींचे पाय ईश्वरी संकल्पानुसार वर गेले.

दारात खालच्या मजल्यावरचा शिंपी उभा राहिला, डोक्यापासून खांद्यांपर्यंत निथळत. मागे कपड्यांचा ढीग घेऊन सूनबाई.

"तीन दिवस तुमचा वाद छतातून ऐकतोय, काही बोललो नाही," शिंपी म्हणाला. "आज पाणीही पाठवलंत. गिऱ्हाइकांचे कोट भिजले. नळ कुणी चालू ठेवला?"

"यांनी," घड्याळजी तत्काळ म्हणाले. "धडधाकट माणूस आहे. उठायचं की नाही, हे सर्वस्वी यांच्या हातात होतं."

"माझ्या हातात काय असतं?" व्याह्यांनी डोळे वर लावले. "त्याच्या इच्छेवाचून झाडाचं पान हलत नाही. तिथं नळाला हात लावणारा मी कोण?"

सूनबाई आत गेल्या, नळ बंद करून आल्या आणि घड्याळजींकडे वळल्या. "म्हणजे बाबा, तुम्ही पप्पांच्या मताचे झालात, आणि पप्पा तुमच्या."

दोघेही आपापली चप्पल पाण्यात शोधू लागले.

"तुमच्या चर्चमध्ये कसं करतात हो?" सूनबाईंनी शिंप्याला विचारले.

"आमच्यात बाळाला करतच नाहीत," केस पिळत तो म्हणाला. "मोठं झाल्यावर ज्याचा त्यानं विश्वास ठेवायचा आणि आपल्या पायानं पाण्यात उतरायचं. नुसतं शिंपडत नाहीत, पुरतं बुडवतात."

"बरं आहे की. मग थांबू या. मोठं झालं की त्याचं ते बघेल."

आजोबांनी एकमेकांकडे पाहिले.

"पाखंड आहे हे," घड्याळजी म्हणाले.

"शुद्ध पाखंड," व्याही म्हणाले.

सोयरीक झाल्यापासून दोघांचे हे पहिले एकमत. त्यांनी शिंप्याला दोन्ही दंडांना धरून जिन्यात नेले आणि बालबाप्तिस्म्याची आवश्यकता एका सुरात समजावण्यास आरंभ केला. भिजलेल्या कोटांचा विषय त्याने दोनदा काढून पाहिला. धर्मशास्त्रात त्याला जागा नव्हती.

सूनबाईंनी आतून कडी लावली. ती केव्हा काढायची, याबाबत त्यांनी कोणत्याच पंथाचे मत विचारले नाही.