लातुरातली लाट

यंदा पीएच.डी. झाली नाही तर अनंतरावांची नोंदणी रद्द होणार होती आणि बढतीही जाणार होती. विषय त्यांनी अंगात जोर असताना घेतला होता: विषुववृत्ताजवळच्या हवेत उठणाऱ्या लाटा. त्यांतल्या काही पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, हवामानाच्या नोंदींतून ओळखाव्या लागतात. अनंतरावांना त्या नोंदींतूनही दिसत नव्हत्या.

शेवटी त्यांनी लातूरच्या घरी, गच्चीवरच्या पत्र्याखाली, हवेतली ओल मोजायचं यंत्र टांगलं. आलेख डुलू लागला. आठवडाभर कोरडा, मग एकदम चढ, मग सावकाश उतार.

"विमल, लाट सापडली," त्यांनी बायकोला सांगितलं.

"लई बरं झालं. आता पाइप धरा."

खात्रीसाठी दुसरं यंत्र पूर्वेला, नांदेडात मेव्हण्याच्या गच्चीवर लागलं. सुदामकडेही तीच लाट, एक दिवस उशिरा.

"एक दिवस?" नांदेडहून त्यांचे मार्गदर्शक शिवप्रसाद सर फोनवर म्हणाले. "फारच हळू चालून राहिली हो."

"सर, मराठवाड्यात शिरल्यावर कोण पळतंय?"

सरांना हे पटलं. पुढची लाट गुरुवारी येईल, असं अनंतरावांनी गणित करून कळवलं. सर गुरुवारी स्वतः लातुरात हजर झाले. आलेख चढला. दोघं भारावून गच्चीवर गेले.

पत्र्याखाली ड्रम, पातेली, हंडे, कुकर, सगळं काठोकाठ भरलेलं. दोरीवर आठवड्याचं धुणं आणि यंत्राच्या नाकाशी एक ओली गोधडी निथळत होती.

"वहिनी, हे नेहमीचंच?" सरांनी विचारलं.

"मग काय. नळाला पाणी आलं की भरायचं, धुवायचं. सुदामकडं दुसऱ्या दिवशी येतंय, त्याचीबी गच्ची अशीच राहती."

विमलताई बादली घेऊन खाली गेल्या. अनंतरावांना बसावंसं वाटलं, पण पालथं घालायला एकही भांडं रिकामं नव्हतं.

सरांनी आलेखावर बोट ठेवलं.

"अनंतराव, आजचा वार तुम्ही आधीच काढला होता ना?"

"हाव."

"नळ सोडणाऱ्यालाबी सांगता येत न्हाई हो तो."

अनंतरावांनी गोधडी यंत्रापासून दूर सारली.

"मुदतवाढीवर सही करतो," सर म्हणाले. मग जिन्याकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. "तेवढी आमच्या गल्लीतली लाट काढून द्या. पाण्याची वाट बघण्यात माझ्या सगळ्या रजा संपल्या."