हेसोजिमा बेट जमीन ठरल्याची हकीकत

दर्याचे कृपेकरून, सेतोच्या सागरातील हेसोजिमा, म्हणजे बेंबीएवढे बेट, सरकारदरबारी जमीन कैसे ठरले, ते वर्तमान श्रोतयांनी सावधचित्ते परिसावे.

बेटाचे धनी मासाताका इमाओका बुद्धपदी लीन जाहले, आणि वारसा त्यांचे कुटुंब हात्सुएबाई यांजकडे आला, आणि मग बाईंनी नोंदणी कचेरीत अर्ज गुजारिला, तो फर्मान निघाले की, भरतीत बुडे तो समुद्र, न बुडे ती जमीन, आणि समुद्र कोणाचे नावे चढत नाही. सबब ऐन उधाणात जातीने पाहणी व्हावी. हे ऐकोन धाकटे दीर गेन्जो खदखदा हसले.

"वहिनी, खेकड्यांची पाटीलकी हवीय होय तुम्हाला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली.

मग उधाणाचा मुहूर्त साधोन मोहीम निघाली. आरमार म्हणजे दिराची होडी. रसद भाताचे गोळे आणि चहाचा थर्मास. सोबत पाहणी अधिकारी निशिवाकिसाहेब, मोजणीची फीत घेवोन. खडक लागेल म्हणोन दिरांनी उभयतांस उतरविले आणि होडी दूर नेली.

मग दर्या चढला, आणि शिंपल्यांची माची पडली, आणि बालेकिल्ल्यास वेढा पडला. तेथे संत्र्याचे एक झाड होते. साहेबांनी धीर सोडोन, बूट गळ्यात बांधोन, त्याचा आश्रय केला.

"बुडालं हो बाई! समुद्र म्हणूनच लिहितो!"

"झाडावरून काय लिहिता? खाली उतरा. माझे मोजे बघा, कोरडे ठणठणीत!"

साहेब भीत भीत उतरले. जमीन एका चटईएवढी उरली होती. तीवर दोघे पाठीस पाठ लावोन बसले. दर्याने शिकस्त केली, परी बाईंचा मोजा भिजला नाही; मग दर्या हळूहळू हटला.

साहेबांनी कागद मांडीवर घेतला. "जमीन आहे, मान्य. वापर काय लिहू? शेत, जंगल, घर?"

"रुसून बसायला," बाई म्हणाल्या. "भांडण झालं की हे इथं येऊन बसायचे. मी डबा घेऊन यायची. डबा खायचे, पण बोलायचे नाहीत मेले." बाईंनी मोजा वर ओढला. "आता माझी पाळी."

कायद्यात ऐसा वापर नव्हता. साहेबांनी डोळे पुसोन 'संकीर्ण' लिहिले.

येणेप्रमाणे हेसोजिमा हात्सुएबाईंचे नावे कायम जाहले. चतुःसीमा: पूर्वेस दर्या, दक्षिणेस दर्या, पश्चिमेस दर्या, उत्तरेस दीर, होडीत तोंड पाडोन उभे. फत्ते जाहली, ऐसे दफ्तरी दाखल.