फ्रिजवरची डबी

आप्पा खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि घराचे ठाम मत होते, की घरात कोणी नाही. आधी पंखा थांबला. मग दिवा गेला. मग कपाटावरच्या पांढऱ्या यंत्रातून गोड आवाज आला, "घरात कोणी नाही. वीज वाचवत आहे."

"अगं बाई, मी आहे ना!" आप्पा म्हणाले. तिकीटखिडकीत बसून लोकांना "पुढच्या खिडकीत जा" सांगण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्यांचेच कोणी ऐकेना.

हा उद्योग मुलीचा. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघेही कॉम्प्युटरवाले, आणि या विषयात दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. मुलगी म्हणे, यंत्राशी बोलायला खरी वस्तू हवी, हातात धरता येणारी. मुलगा म्हणे, वस्तू हव्यात कशाला? चष्मा घाला, बटणे हवेतच दिसतात. आई गेल्यापासून आप्पा एकटे होते, आणि भावंडांचे एकमत फक्त एका गोष्टीवर झाले होते. आठवडाभर बघायचे. यंत्राच्या मदतीने आप्पांचे नीट चालले तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि आप्पा मुलाकडे. आप्पांना घर सोडायचे नव्हते.

मुलाने आपला तो चष्मा देऊन ठेवला. मुलीने रविवारी येऊन घरातल्या वस्तूंना यंत्राला खूण पटवणाऱ्या छोट्या चकत्या चिकटवल्या. औषधाची बाटली उचलली की यंत्राने समजायचे, गोळी घेतली.

"आणि तुम्ही घरात की बाहेर, ते कळायला ही," फ्रिजवरच्या आईच्या चष्म्याच्या डबीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "आईचीच पद्धत ठेवलीय. डबी फ्रिजवर म्हणजे बाहेर, टेबलावर म्हणजे घरात. तुम्हाला नवीन काही शिकायलाच नको!"

आई खरेच तसे करायची. बाहेर जाताना चष्मा नाकावर आणि रिकामी डबी फ्रिजवर. ना चिठ्ठी, ना निरोप. आप्पा कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी फ्रिजकडे बघत. मुलीला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडले, पण ती चकती घेऊन फ्रिजपाशी पोचलीही होती.

"जागेवरच चिकटव. उचलू नकोस," एवढेच ते म्हणाले.

सोमवारी यंत्र सुरू झाले. डबी फ्रिजवरच होती. म्हणजे आप्पा बाहेर.

अंघोळ गार पाण्याने झाली. दुपारी कुरिअरवाल्याने बेल वाजवली, तर यंत्र दाराबाहेर बोलले, "मालक बाहेर गेले आहेत."

"मी इथंच आहे!" आप्पा खिडकीतून ओरडले.

"आजोबा, मालक नाहीत म्हणतंय."

"मीच मालक!"

"मग काय ते खोटं बोलतंय?" कुरिअरवाला म्हणाला आणि पार्सल घेऊन परत गेला.

मुलीला फोन करावा, तर आप्पांना जमत नाही असा शेरा पडणार आणि घराला कुलूप लागणार. डबी हलवावी, तर ते त्यांच्याने होईना. दोनदा ते फ्रिजपाशी जाऊन हात वर करून उभे राहिले आणि दोनदा परत आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी अंधारात पाणी प्यायला उठले आणि स्टुलाला अडखळले. स्टूल पडले. रिकाम्या घरात आवाज! यंत्राने भोंगा सुरू केला आणि शेजारी आणि मुलांनाही खबर धाडली. शेजारचे कर्नल आपल्याकडची किल्ली आणि एक काठी घेऊन धावले. कर्नल उभ्या जन्मात सैन्यात नव्हते, बँकेत होते. मिशा मात्र तशा होत्या.

"हात वर!"

"अहो, मी आहे."

"मी कोण?"

"आप्पा."

"थापा मारू नकोस! आप्पा बाहेर गेलेत, माझ्या फोनवर आलंय!" कर्नलनी टॉर्च तोंडावर मारला आणि काठी खाली आली. "अरेच्चा! तुम्ही घरात? मग बाहेर कोण गेलंय?"

आप्पा पडलेले स्टूल उभे करू लागले.

तोवर कर्नलच्या फोनवर मुलगी दिसू लागली, पाठोपाठ मुलगाही.

"आप्पा, डबी टेबलावर ठेवा ना! एवढंच करायचंय."

"ते सोडून काही सांग."

"बघितलंस, ताई?" मुलगा म्हणाला. "म्हणून म्हणतो, वस्तू नकोच. आप्पा, माझा चष्मा घाला. डबीभोवती निळी रेघ दिसेल. हवेतच चिमटीत धरा आणि टेबलावर सोडा. खऱ्या डबीला हातसुद्धा लावायचा नाही."

हात लावायचा नाही म्हटल्यावर आप्पा तयार झाले. चष्मा घातला, हवेत चिमूट धरली, टेबलापर्यंत नेऊन सोडली. लगेच दिवे लागले, पंखा फिरला, भोंगा थांबला. "जमलं!" मुलगा ओरडला.

आप्पांनी वळून फ्रिजकडे पाहिले. वर काहीच नव्हते.

"चष्म्यात खरी डबी आम्ही झाकून टाकतो," मुलगा सांगत होता. "एकाच्या दोन दिसून गोंधळ व्हायला नको."

पण आप्पांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि रोजच्या आवाजात विचारले, "आलीस का गं?"

कर्नलनी काठी हळूच दाराआड ठेवली. आप्पांनी चष्मा काढला. डबी जिथल्या तिथे होती.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "दवाखान्यात जाताना आईनंच ठेवली होती ती?"

"हो. चष्मा लावला, डबी वर ठेवली, म्हणाली, आलेच." आप्पा डबीकडे बघत होते. "मी उचलली तर ती आली असं होतं गं. आणि ती तर नाही आली."

मुलगी मान खाली घालून रडू लागली. "आठवडा पुरे झाला, ताई," मुलगा म्हणाला. "आप्पा कुठंही जाणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने डबी न हलवता चकती सोडवली आणि आप्पा बाहेर जाताना नेत त्या काठीला लावली. यंत्राने सगळे पहिल्यापासून विचारायला घेतले. "घरात राहणारी माणसे किती?"

मुलगी "एक" म्हणणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "दोन."

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि दोन असे भरले. एक घरात, एक बाहेर. त्या दिवसापासून घर आप्पांना विसरले नाही. एकच झाले, सगळी माणसे परतल्याशिवाय यंत्र अंगणातला दिवा मालवत नसे.

चार दिवस कर्नलनी कळ काढली. पाचव्या दिवशी फाटकाशी येऊन म्हणाले, "आप्पा, बाहेरचा दिवा राहिलाय हो!"

"राहू द्या," आप्पा ओट्यावरून म्हणाले. "एक माणूस यायचंय अजून."

कर्नल "बरं" म्हणाले. जाताना त्यांनी फाटक ओढून घेतले, कडी मात्र घातली नाही.