चांदणी घोडीच्या गूळबंदीची हकीकत

श्री. आदिलाबाद प्रांती, बेला परगणियात, वरातीस घोडी देणारे राजमान्य राजश्री खुशालराव यांचे तबेल्यावर जे संकट गुदरले आणि जे शर्थीने निवारिले, ते सेवक यथामति लिहितो. वाचणारांनी सावध असावे. तबेला म्हणजे पत्र्याचे एक छप्पर आणि कुल फौज म्हणजे चांदणी नामे एक पांढरी घोडी. परंतु खुशालराव व त्यांचे कुटुंब बयनाबाई यांस पोटी संतान नव्हते, सबब तीच दौलत आणि तीच लेक.

त्या मुलखाचा रिवाज ऐसा की, वरात निघण्याआधी लग्नघरच्या बायांनी घोडीचे पाय धुवावे आणि भिजले चणे व गूळ चारावा, मग वाटेतल्या सोयऱ्यांनीही आपापले ताट पुढे करावे. ताट परत धाडणे म्हणजे उघड अदावत, सोयऱ्यांशी वैर. लगीनसराईत चांदणीसाहेबांनी इतक्या ताटांचा मान राखिला की पोटाचा नगारा जाहला, आणि खुशालरावांनी मिशीवर हात फिरवून तेज चढले ऐसे मानिले. मग एके सकाळी घोडी जागची हलेना. पुढले पाय पुढे ताणून सारा भार मागे टाकून उभी. रावांनी जाणिले की नाचून अंग आखडले, चालवून मोकळे करावे, आणि डांबरी सडकेवर ओढून नेले. तेथे घोडी बसली ती उठेना, आणि राव तिचे मानेस मिठी घालून सर्व बेल्यादेखत रडले.

तेव्हा जनावरांच्या डॉक्टर दामिनीबाई स्कूटीवर आरूढ होऊन कुमकेस पावल्या. खुरांस हात लाविला तो तवा, आणि खुरावरची शीर धडधडा उडे. त्यांनी निवाडा दिला की यास लॅमिनायटिस म्हणतात. दाण्यागुळाचा अतिरेक जाहला म्हणजे खुरातले हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी कवचास धरून असते ते सुजून सुटू लागतात, मग हाड खाली घसरते, आणि फार घसरले तर जनावरास सुखाने मरण देणे एवढेच उरते. आणि फर्मान सोडिले की चालविणे बंद, खूर बर्फाच्या पाण्यात, पायतळी वाळूचा जाड थर, दवा वेळेवर, चारा वाळला आणि तोही, त्यातली साखर निघून जावी म्हणून, भिजवून पाणी फेकून, आणि गुळाचा खडा तबेल्यात दिसता कामा नये.

मग मोहीम सुरू जाहली. सोडावाल्याकडून बर्फाच्या लाद्या आल्या, बैलगाडीने वाळू आली, राव स्वतः दारी चौकीस बसले आणि सोयऱ्यांची ताटे वाटेतूनच परतविली. तरी नवल ऐसे की खुरांचा ताप उतरे आणि फिरून चढे. गोटात फितुरी आहे हे उघड दिसले, आणि रावांनी शेजारपाजारच्या सर्वांवर संशय घेऊन अर्ध्या गावाशी अबोला धरिला.

अखेर फितूर खुद्द चांदणीनेच पकडून दिला. बयनाबाई बादली घेऊन आल्या, तो घोडीने त्यांचे पदराची गाठ दातांनी ओढिली आणि गूळ वाळूत पडला. बयनाबाई पदर आवरून एवढेच बोलल्या, "ते माह्याकडं पाहून राह्यली होती. उपाशी लेकराले मी काऊन नाई म्हनू?" रावांनी सजा फर्माविण्यास तोंड उघडिले, आणि तिथेच वाळूत बसले. "तुह्या गुळानं अन् माह्या चालवन्यानं मरून राह्यली ते, बयना."

मग तह जाहला. चारापाण्याचा कुल अख्त्यार बयनाबाईंकडे गेला, आणि ज्या हाताने गूळ दिला त्याच हाताने त्या भिजला चारा देऊ लागल्या. पुढे बयनाबाईंचे भावाचे घरी लग्न निघाले, तेथून मानाचे ताट आले, खुद्द वहिनी घेऊन आली. बयनाबाईंनी तेही परत धाडिले. माहेर तुटले. त्या पदरात तोंड घालून रडल्या, पण ताट आत येऊ दिले नाही.

हिवाळा सरता खूर थंड पडले आणि वाढले खूर डॉक्टरबाईंनी तासून दिले. चांदणी वरातीस पुन्हा जाणे नाही, नवरदेव आता मोटारीत बसतात. परंतु बयनाबाई दारी उभ्या असता घोडी आपले पायांनी वाळू ओलांडून आली, पदराची गाठ हुंगिली, आत काही नव्हते, आणि तरी तेथेच मान टेकून उभी राहिली. राव दुरून पाहत होते. फत्ते जाहली ती हीच, म्हणून लिहून ठेविले असे.